चालत्या मागावर निरोप द्यायचा नाही

मागच्या महिन्यात आमच्या कारखान्यात आम्हाला बोलायला शिकवायला एक मॅडम आल्या होत्या. हसू नका, खरं सांगते. परदेशातल्या कुठल्याशा गिऱ्हाइकाची अट होती म्हणे, कामगारांचं 'कम्युनिकेशन ट्रेनिंग' झालेलं असलं तरच तो आमचे टॉवेल घेणार. आता टॉवेल पाणी टिपतो का नाही ते बघायचं सोडून आम्ही एकमेकांशी कसं बोलतो ते बघणारा हा कोण टिकोजीराव? पण साहेब म्हणाले बसायचं, म्हणून बसलो. कँटीनमधली टेबलं भिंतीकडं सरकवली, खुर्च्या मांडल्या, आणि पुण्याहून आलेल्या त्या मॅडमनी पांढऱ्या फळ्यावर बाण काढायला सुरुवात केली.

एक बाण वरून खाली, साहेबांकडून कामगारांकडं. एक खालून वर. एक आडवा, बरोबरीच्या माणसांचा. मग दोन गोल काढले. एकात लिहिलं 'पाठवणारा', दुसऱ्यात 'घेणारा', मधे 'निरोप'. शेवटी घेणाऱ्याकडून पाठवणाऱ्याकडं एक लाल बाण काढला आणि म्हणाल्या, "हा परतीचा बाण सगळ्यात महत्त्वाचा. निरोप पोचला का, आणि जसाच्या तसा पोचला का, हे उलट विचारल्याशिवाय कळत नाही."

पोरगी हुशार होती. सांगत होती तेही खरं होतं. पण माझा जीव तिथं लागेना. माझ्या पुढच्या रांगेत अण्णा बसले होते आणि त्यांच्या कॉलरवर सुताचा एक बारका तंतू चिकटला होता. फळ्याकडं बघायचं टाळून मी त्या तंतूकडंच बघत बसले.

आधी माझं सांगते. मी या कारखान्यात एकवीस वर्षं टाइम ऑफिसला आहे. गेटाच्या आतल्या अंगाला एक खोली, त्यात एक फोन, हजेरीचं मशीन आणि मी. माहेर माझं टेंभुर्णीच्या पुढचं, रानात वस्तीवरचं. आमच्याकडं निरोप द्यायचा म्हणजे बांधावर उभं राहून हाक मारायची. चौथ्या रानातला माणूस तिथनंच ओरडून विचारायचा, "काय गं?" मॅडमचा तो लाल बाण आमच्या बांधावर फुकट मिळत होता. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा सासूबाई म्हणायच्या, हिला कुणीतरी हळू बोलायला शिकवा. ते काही कुणाला जमलं नाही.

कारखान्यात मात्र हाक मारून भागत नाही. मागाच्या शेडमध्ये एवढा आवाज असतो की शेजारचा माणूस ओरडला तरी त्याचं नुसतं तोंड हललेलं दिसतं. तिथं सगळं खुणांवर चालतं. कानाशी मूठ धरली म्हणजे फोन आलाय, कपाळाला हात लावला म्हणजे साहेब यायलेत. मोबाइल तर आत न्यायचाच नाही. गेटावर खण पाडलेली एक लाकडी पेटी आहे. ज्यानं त्यानं आपला मोबाइल आपल्या खणात ठेवायचा आणि आत जायचं. दिवसभर ती पेटी गुरगुरत असते. वॉचमनला त्याचं काही वाटत नाही, आणि मलाही वाटेनासं झालं होतं.

म्हणून घरच्यांनी ऑफिसात फोन करायचा, तो मी घ्यायचा आणि चिठ्ठी लिहायची. कामाची चिठ्ठी पांढरी, घरची पिवळी. चिठ्ठी आधी साहेबांच्या टेबलावर जाते. त्यांची सही झाली की सुपरवायझरकडं, सुपरवायझरकडून जॉबरकडं, म्हणजे आठ-दहा माग सांभाळणाऱ्या मिस्त्रीकडं, आणि जॉबरकडून मागावरच्या माणसाच्या हातात. याला आमच्याकडं 'लाइन' म्हणतात. माझ्या खोलीपासून शेडच्या दारापर्यंत शंभर पावलं आहेत. मी मोजलीत. पण चिठ्ठी पावलांनी जात नाही, लाइननं जाते.

आणि एक पद्धत आहे. चालत्या मागावर वाईट निरोप द्यायचा नाही. मी यायच्या आधी म्हणे एका माणसाला कुणीतरी माग चालू असतानाच सांगितलं, बाप गेला. त्याचा हात तसाच आत गेला, दोन बोटं तुटली. तेव्हापासून जुनी माणसं शपथ घातल्यासारखी ही गोष्ट पाळतात. विणायला लावलेला कापडाचा ताका पुरा होऊन उतरला, माणूस मागापासून बाजूला झाला, माठातलं पाणी प्याला, की मग सांगायचं. मायेनं घातलेली पद्धत आहे ती. तिला नावं ठेवायला अजूनही माझी जीभ उचलत नाही.

मीही त्यात माझ्या परीनं भर घातली होती. पिवळ्या चिठ्ठीच्या शेवटी मी नेहमी लिहायचे, 'काळजी नसावी'. माझे वडील पत्राच्या शेवटी लिहायचे तसं. पिवळा कागद बघूनच माणूस घाबरतो, तेवढाच धीर, असं मला वाटायचं.

अण्णा म्हणजे आमचे जुने विणकर. घरात तेलुगू, बाहेर आमच्यापेक्षा झणझणीत सोलापुरी. राहायला कुंभारीला. वयानं माझ्याएवढेच असतील, पण सगळे अण्णा म्हणतात म्हणून मीही अण्णा म्हणते आणि ते मला अक्का म्हणतात. नवरा-बायको दोघंच, मूलबाळ नव्हतं. त्यांच्या बायकोला मी एकदाच बघितलं. खंडेनवमीला कारखान्यात मागांची पूजा असते, घरची माणसं येतात, त्या वर्षी तीही आली होती. विड्या वळून वळून बोटांची टोकं तपकिरी झालेली, केसांत अबोलीचा गजरा. तिनं अण्णांच्या मागाला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. बायकोला दाखवायला म्हणून अण्णांनी माग चालू केला, तशी ती केवढ्यानं दचकली! त्यांची बाही तिनं मुठीत घट्ट धरली. अण्णांनी हसत हसत माग बंद केला.

"भ्यालीस व्हय गं?"

"न्हाय," ती म्हणाली. बाही मात्र सोडली नाही.

"अक्का, बगा की! न्हाय म्हनते!" अण्णा मला म्हणाले, आणि आम्ही सगळ्या बायका हसलो. तीही पदर तोंडाला लावून हसली.

आता माझी चूक सांगते. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एका विणकराच्या घरून फोन आला, मुलगी झाली. मला इतका आनंद झाला की चिठ्ठीबिठ्ठी न लिहिता मी पळतच सुटले. साहेब नेमके शेडच्या दारात उभे. चार माणसांच्या देखत मला म्हणाले, "बाई, इथं पद्धत आहे. आज तुम्ही लाइन तोडली, उद्या सगळे तोडतील. तुमचं काम चिठ्ठी लिहायचं, ते करा." माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हटलं, बरं! तुमची लाइन तुम्हाला लखलाभ. परत या शेडचा उंबरा ओलांडला तर नावाची नाही मी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली मी.

त्यानंतर महिनाही झाला नसेल. ऊन असं होतं की गेटाचा पत्रा हाताला भाजत होता. अकराच्या सुमाराला फोन वाजला.

"अक्का, मी बोलायले. अण्णांच्या घरनं."

मी म्हटलं, "बोला की."

"ह्यांचा फोन वाजायलाय, उचलंनात."

"पेटीत असतोय तो. आत नेऊ देत नाहीत."

"व्हय की, इसरलेच." मागं कुठंतरी चाकाच्या खाटेचा खडखडाट ऐकू येत होता. "सरकारी दवाखान्यात हाय मी. पहाटेपासनं पोटात लई दुखालतं. शेजारनीनं रिक्षात घालून आनलं. ऑपरेशन करायचंय म्हनतेत, दुपारी आत न्हेनार हायेत. ह्यांना म्हनावं, आत न्ह्यायच्या आदी येऊन जावा."

"सकाळी सांगितलं नाही का त्यांना?"

"न्हाय. डबा करून दिला, गेले ते." मग आवाज एकदम खाली आला. "भ्या वाटायलंय, अक्का."

मी काही बोलायच्या आतच घाईनं म्हणाली, "ते नका सांगू पन त्यास्नी. मागावर असतेत. घाबरवू नका. नुस्तं या म्हना."

बघा. पहिला शब्द तिनंच कमी केला. नवऱ्याचा हात मागात जाऊ नये म्हणून.

दुसरा मी केला. मी पिवळा कागद ओढला आणि लिहिलं, 'अण्णा, सरकारी दवाखान्यातून घरच्यांचा फोन होता. दुपारच्या आत येऊन जा म्हणाल्या.' ऑपरेशन लिहिलं नाही. म्हटलं, कुणी अडाण्यासारखं मागावरच बोलून गेलं तर? आणि हात सवयीनं चालला. शेवटी लिहिलं, 'काळजी नसावी'. चिठ्ठी ट्रेमध्ये टाकली, शिपाई घेऊन गेला. खिडकीतनं मला शेडचं दार दिसत होतं. उघडं होतं. एकदा मनात आलं, जावं का उठून? आणि लगेच ते साहेबांचे शब्द आठवले, ती चार माणसं आठवली, आणि मी बसले तशीच बसले.

सव्वाबाराला परत फोन.

"अक्का, निगाले का?"

पिवळ्या चिठ्ठीच्या खाली उत्तराची ओळ असते. माणसाला चिठ्ठी मिळाली की तो तिथं 'येतो' किंवा 'नंतर' असं काहीतरी लिहितो, आणि तो तुकडा उलट माझ्याकडं येतो. मी ट्रे बघितला. रिकामा होता. 'माहीत नाही' म्हणायला हवं होतं. 'थांबा, बघून येते' म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "निघालेत की! पोचतीलच आता."

"बरं," ती म्हणाली. तिचा आवाज सुटल्यासारखा झाला. "मग हरकत न्हाय."

मला वाटलं, किती छान केलं मी. जिवाला बरं वाटलं असेल बिचारीच्या.

पुढं लाइनमध्ये काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. साहेबांकडं त्या दिवशी बाहेरचे पाहुणे आले होते. चिठ्ठी त्यांच्या टेबलावर टॉवेलच्या नमुन्यांखाली गेली. दीड वाजता त्यांनी ती बघितली, शेवटची ओळ वाचली, सही केली आणि सुपरवायझरला तोंडी सांगितलं, पाळी संपली की सोडा त्याला. सुपरवायझर तेव्हा जेवायला निघाला होता. जेवून आल्यावर त्यानं जॉबरला सांगितलं, दवाखान्यात जायचंय म्हणे अण्णाला, सुट्टी झाल्यावर. आमचे जॉबर म्हणजे म्हातारे, सगळे त्यांना मामा म्हणतात, मुंगीलासुद्धा बाजूला ठेवून चालणारा माणूस. 'दवाखाना' ऐकूनच ते मनात चरकले होते, तसं ते मला म्हणाले. पण माग चालू होता, ताका उतरायला तासभर होता. ते थांबले. साडेतीनला ताका उतरला, अण्णांनी पाणी प्यायलं, तेव्हा मामांनी त्यांच्या हातात चिठ्ठी दिली आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जाऊन ये दवाखान्यात. काय इशेष न्हाय, काळजी नसावी लिवलंय."

शंभर पावलं. साडेचार तास.

अण्णांनी चिठ्ठीवर 'येतो' लिहिलं. तो तुकडा माझ्याकडं आला तेव्हा ते गेटातनं सायकल काढत होते. मोबाइल न बघताच खिशात टाकला, जाता जाताच मला हात केला. काळजी नसावी म्हटलेलं, म्हणून ते आधी कुंभारीला घरी गेले. दवाखाना शहरात, घर उलट्या बाजूला. अंगावरची सुताची पिंज धुवायला अंघोळ केली. आजारी माणसाकडं असं घाणेरडं कसं जायचं, म्हणून धुतलेला शर्ट घातला. वाटेत मोसंबी घेतली. पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. तिला दीडलाच आत नेलं होतं, आणि ती परत बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी गेटावरच्या फळ्यावर श्रद्धांजली लिहायला सांगितली. ती मीच लिहिली. चिठ्ठ्या लिहिणारा तोच हात, नुसता खडू वेगळा. लिहून झाल्यावर मी साहेबांकडं गेले. काय बोलायला गेले होते कुणास ठाऊक, भांडायलाच गेले असेन. साहेब खुर्चीत बसून होते, चष्मा काढलेला. मला बघून हळू आवाजात म्हणाले, "बाई, चिठ्ठीत काळजी नसावी लिहिलं होतं हो." रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मीही दोन शब्द सुनावले असते. मी तशीच उलट्या पावली परत आले.

कुणी चौकशी केली नाही, कुणी कुणाला दोष दिला नाही. काय चौकशी करणार? सगळ्यांनी पद्धतीप्रमाणंच केलं होतं. खोटं कुणीच बोललं नव्हतं. म्हणजे, एक मी सोडून.

पंधरवड्यानं अण्णा कामावर आले. गेटावर पेटीत मोबाइल ठेवला आणि तिथंच खणाला हात लावून उभे राहिले. मग माझ्या खिडकीशी आले.

"अक्का, ती काय म्हनली हुती? फोनवर?"

मी म्हटलं, "येऊन जा म्हणाल्या."

"आजून?"

"अजून काही नाही."

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "दवाखान्यातली आया सांगालती मला. म्हनली, आत न्हेईपत्तुर सारकी मान उचलून दाराकडं बगत हुती. चार-चार येळा झोपवली तिला. पळून जायला बगत असंल, अक्का. लई भित्री हुती ती, वरनं दावायची न्हाय. ती पळाया बगालती आनि त्या लोकांनी तिला तशीच धरून आत न्हेली, माज्या डोळ्यापुडनं त्ये जाईना बगा."

मला माहीत होतं ती दाराकडं का बघत होती. 'पोचतीलच आता' असं मीच सांगितलं होतं तिला. एवढं एक वाक्य बोलायचं होतं मला. अण्णा, ती पळत नव्हती, तुमची वाट बघत होती. पण ते सांगायचं म्हणजे पुढचंही सांगावं लागलं असतं. परत फोन आला होता, मी खोटं बोलले, चिठ्ठी कुठं अडकलीय ते बघायला उठलेसुद्धा नाही. नोकरीची भीती नव्हती मला. त्या माणसाच्या डोळ्यांची भीती होती. मी म्हटलं, "चहा घेता का अण्णा?" ते म्हणाले, "नको," आणि आत गेले.

पाच उन्हाळे झाले त्याला. पाच वर्षं हा माणूस रोज सकाळी माझ्या खिडकीसमोर पेटीत मोबाइल ठेवतो. सगळे खण दिवसभर गुरगुरतात, त्यांचा एकदाही वाजत नाही. कोण करणार फोन? पिवळ्या चिठ्ठीवर 'काळजी नसावी' लिहायचं मी सोडलं. पण निरोप माझ्याकडंच अडकून राहिला. घशात काटा अडकावा तसा, गिळताही येईना आणि बाहेरही निघेना. रोज म्हणायचे, उद्या सांगते. रोज म्हणायचे, आता कशाला जुनं उकरायचं. माणूस स्वतःला काय काय समजावतो!

तर त्या मॅडम. बाण काढून झाल्यावर त्या म्हणाल्या, आता एक खेळ खेळू. दहा माणसं ओळीनं उभी करायची, पहिल्याच्या कानात एक निरोप सांगायचा, त्यानं दुसऱ्याच्या कानात, असं शेवटपर्यंत न्यायचं. लहानपणी आम्ही सगळ्यांनीच खेळलेला खेळ, आता त्याला लॅपटॉप लागला. पहिले साहेब उभे राहिले. मग सुपरवायझर, मग जॉबरमामा, मग इकडचे तिकडचे. शेवटचा माणूस कमी पडत होता, म्हणून मॅडमनी जवळ बसलेल्या अण्णांना हात धरून उठवलं. त्या बिचारीला काय माहीत?

निरोप कानाकानातनं पुढं सरकत गेला. माणसं खुदुखुदू हसत होती. शेवटी मॅडम म्हणाल्या, "हं, सांगा काका, काय निरोप आला?"

अण्णा म्हणाले, "उद्या भोंगा वाजनार हाय. घाबरू नका."

मॅडमनी मूळ निरोप वाचून दाखवला. 'उद्या सकाळी दहाला भोंगा वाजेल. घाबरू नका, पण हातातलं काम टाकून ताबडतोब मागच्या दाराशी या.' सगळं कँटीन हसायला लागलं. मॅडमही हसल्या. "बघा! वेळ गेली, दार गेलं, 'ताबडतोब या' गेलं. 'घाबरू नका' तेवढं बरोबर पोचलं! असंच होतं. कुणी मुद्दाम करत नाही. जे सांगायला सोपं असतं तेवढंच आपण पुढं देतो."

हसणं हळूहळू थांबत गेलं. आधी जुन्यांचं, मग त्यांच्याकडं बघून नव्यांचं. साहेब चष्मा पुसायला लागले. मामा खाली फरशीकडं बघत होते. मॅडमना कळेना काय झालं ते. अण्णा आपल्या खुर्चीवर येऊन बसले. त्यांच्या कॉलरवर तो तंतू तसाच होता.

जेवणाच्या सुट्टीनंतर माग सुरू झाले. मी खोलीत येऊन बसले. फोन वाजत होता, मी उचलला नाही. उठले आणि चालायला लागले. शंभर पावलं. शेडच्या दारात साहेब भेटले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि बाजूला झाले.

आतला आवाज अंगावर आला. पाच वर्षांत मी तिथं पाऊल ठेवलं नव्हतं. अण्णांचा माग आतल्या अंगाला, खिडकीखाली. मी लांबून येताना त्यांनी बघितलं आणि हात पुढं करून एक लाल बटण दाबलं. माग थांबला, आणि त्या कोपऱ्यात जवळ उभं राहून बोललेलं ऐकू येण्याएवढा आवाज उतरला.

"काय अक्का? हिकडं कसं?"

मी सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. ती काय म्हणाली तेच शब्द सांगितले, एकही कमी केला नाही. भ्या वाटायलंय म्हणाली. ते सांगू नका म्हणाली. तिनं परत फोन केला, आणि मी म्हणाले निघालेत. म्हणून ती दाराकडं बघत होती. पळायला नाही, अण्णा. तुम्ही याल म्हणून.

अण्णांनी मागाच्या लोखंडावर हात टेकला. बराच वेळ त्यांचे नुसते ओठ हलत होते, तेलुगूत काहीतरी म्हणत होते.

"वीस वरसाच्या संसारात एकदा म्हनली न्हाय, भ्या वाटतंय म्हनून," ते म्हणाले. "कदी इचारलं तर न्हाय म्हनायची. एकदाच म्हनली, ते तुमाला."

मी मान खाली घातली.

"अक्का, तुमी आत्ता लांबनं येताना मी बगितलं. माग थांबवायला किती येळ लागला मला?"

मी त्या बटणाकडं बघितलं.

"ह्ये बटन दाबलं, थांबला. तवा कुनी काय सांगायची बी गरज नव्हती. नुस्तं कुनीतरी हितं येऊन उबं ऱ्हायचं हुतं."

एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले आणि बटण दाबलं. माग सुरू झाला. मी म्हणाले, "चुकलं माझं." त्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. अण्णांनी माझं तोंड हललेलं बघितलं आणि भुवया उडवून खूण केली, काय?

मी हातानं खूण केली, काही नाही. आणि वळले. दोन पावलं गेले असेन. परत काही नाही? पाच वर्षांपूर्वी खिडकीत म्हणाले तेच?

आमच्याकडं दुसऱ्याच्या मागाला कुणी हात लावत नाही. मी माघारी फिरले, हात लांब केला आणि ते लाल बटण दाबलं.

"अण्णा," मी म्हटलं, "चुकलं माझं."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं.

"व्हय अक्का," ते म्हणाले. "चुकलंच."